घरी किती पाठवायचं, ते आधी ठरव

नाना, नमस्कार.

मी चोपडा तालुक्यातला. जळगाव एमआयडीसीतली नोकरी सोडून २०२३ च्या दिवाळीनंतर दुबईला आलो. एसी आणि डक्टिंगच्या कंपनीत साइट सुपरवायझर आहे. पगार हातात ८,५०० दिरहॅम, त्यात बेसिक ४,०००. त्यातले साडेपाच हजार तरी दर महिन्याला घरी जातात, पण ठरलेलं असं काही नाही, फोन येईल तसे पाठवतो. मागच्या जूनला वादळात केळीची बाग आडवी झाली, तेव्हा जास्त गेले. गावच्या सहकारी सोसायटीचं कर्ज डोक्यावर नको असं बाबा म्हणाले, म्हणून क्रेडिट कार्डावर रोख उचलून १ लाख ६० हजार रुपये भरले. आज कार्डावर १४,००० दिरहॅम थकलेत. हे घरी कुणालाच माहीत नाही. गावाकडचं सेव्हिंग खातं होतं तसंच चालू आहे, पैसे त्यातच टाकतो. आता आमच्या बांधाला लागून दोन एकर विकायला निघालंय. बाबा म्हणतात, तुझ्या नावावर घेऊ. रूमवरचा एक जण म्हणतो इथल्या बँकेचं पर्सनल लोन काढ, दुसरा म्हणतो हुंडीने पाठव, भाव बरा मिळतो. लग्नाला वर्ष झालं. बायको गावी आहे, मला कधी नेणार म्हणून विचारते. दोन वर्षांच्या वर झाली, माझ्या नावावर शंभर दिरहॅमसुद्धा नाहीत. सुरुवात कुठून करू?

— तुमचा एक वाचक, दुबई

भाऊ,

प्रश्न तू पाच-सहा विचारलेस, पण पत्रातलं मला लागलेलं वाक्य एकच आहे: कार्डाचं घरी कुणालाच माहीत नाही. जमीन, लोन, हुंडी, बायकोला नेणं, सगळ्याची उत्तरं तिथून सुरू होतात. घरच्यांना तुझा पगार माहीत आहे. तुझा खर्च माहीत नाही, देणं तर अजिबात नाही. साडेआठ हजार दिरहॅमचे रुपये करून पाहिले की गावात तो आकडा फार मोठा दिसतो, आणि बाबा त्या आकड्यावर बेत आखतात. त्यांना दोष देता येणार नाही, कारण खरा हिशोब त्यांच्यापर्यंत पोहोचलेलाच नाही.

मी बँकेत बरीच वर्षं काउंटरवर काढली. आखातातून पैसे येणारी घरं तिथे ओळखू यायची. वडील पासबुक भरून घ्यायचे, चष्मा कपाळावर सरकवून शेवटची ओळ डोळ्यांजवळ नेऊन वाचायचे, आणि रक्कम आलेली दिसली की तिथेच पैसे काढायची स्लिप मागायचे. महिनाअखेर खात्यात पाचशे-सातशे रुपये. उधळपट्टी नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. मोटार जळाली, ठिबकच्या नळ्या बदलायच्या होत्या, बहिणीचं बाळंतपण, दवाखाना. सगळे खर्च खरे. पण पाठवणाऱ्याच्या नावावर त्यातलं काही शिल्लक पडतंय का, हे त्या घरात कुणी विचारलेलं मला आठवत नाही. मग एक दिवस कंपनी बंद पडायची, पोरगा दोन बॅगा घेऊन परत यायचा आणि शून्यापासून उभा राहायचा.

तुझा दुबईचा पगार व्हिसाला बांधलेला आहे आणि व्हिसा नोकरीला. नोकरी गेली की मोजक्या दिवसांत दुसरी शोधायची किंवा सामान बांधायचं. तुझ्यासारख्या माणसाला म्हातारपण तिथे काढता येत नाही, आज ना उद्या गावी यायचंच आहे. म्हणून घरी जाणारी रक्कम तुझ्या कमाईतून तू ठरवायची. आज ती समोरून येणाऱ्या मागणीवर ठरते आहे. माझं म्हणणं एवढंच आहे, बाकी सगळा त्याचा तपशील.

पहिलं काम कार्डाचं. कार्डावर रोख उचलली की व्याज पहिल्या दिवसापासून धावतं आणि उचलीचं शुल्क वेगळं लागतं. तिकडच्या बहुतेक कार्डांवर महिन्याला तीन टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त व्याज असतं. म्हणजे १४,००० वर महिन्याला ४२० दिरहॅमच्या आसपास नुसतं व्याज. तू बिलावर छापलेली किमान रक्कम भरत असशील, तर मुद्दल हलतही नसेल. स्टेटमेंट काढून बघ.

आणि हे ज्या कर्जासाठी केलंस ते काय होतं? सोसायटीचं पीककर्ज. महाराष्ट्रात ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं की केंद्राची व्याजसवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून शेतकऱ्याला व्याज शून्य पडतं. बिनव्याजी कर्ज मिटवायला तू छत्तीस टक्क्यांचं कर्ज काढलंस. बाबांना कर्जाची धास्ती का वाटते ते मला चांगलं कळतं. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात सोसायटीचा बोजा चढलेला दिसतो, वसुलीच्या दिवसांत सचिव रोज रस्त्यात भेटतो. तुझं कार्डाचं देणं मात्र त्यांना कुठेच दिसत नाही. त्यांना हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून दाखव. ज्याने आयुष्यभर कापूस आणि केळीचा हिशोब केलाय, त्याला टक्केवारी समजावून सांगावी लागत नाही. पुढच्या हंगामात मुदतीच्या आठवड्यात काही कमी पडलं तर तेवढंच पाठव, आणि तेही हातात असलेल्या पैशांतून. फेडलं की लगेच नवं पीककर्ज उचलता येतं, त्यात कमीपणा काही नाही.

आता महिन्याचा हिशोब. तुझा खर्च तू लिहिला नाहीस, म्हणून मी अंदाज धरतो: रूममधला वाटा १,३००, जेवण ८००, मेट्रो, फोन आणि किरकोळ ५००. झाले २,६००. जेवणात काटकसर करू नकोस. उन्हात साइटवर उभं राहून काम करणाऱ्याने खबूस रोटी आणि चहावर दिवस काढायचे नसतात. आई फोनवर ‘तठे टाइमवर जेवस का रे?’ विचारत असेलच, तिला खोटं सांगायची वेळ आणू नकोस. राहिले ५,९००. त्यातले २,५०० घरी, २,५०० कार्डाला आणि ९०० बाजूला. एवढं नेमाने केलंस तर सहा-सात महिन्यांत कार्ड मोकळं होतं. ते झालं की कार्डाचे २,५०० सुद्धा बाजूला टाकायला लाग. तुझा सहा महिन्यांचा खर्च, म्हणजे सुमारे साडेपंधरा हजार दिरहॅम, वर्षाच्या आत जमतो. या पैशाला हात लावायचा तो फक्त नोकरी गेल्यावर किंवा तातडीने विमानात बसायची वेळ आली तर.

घरचे साडेपाच हजारांवरून अडीच हजारांवर आणणं सोपं नाही, मला माहीत आहे. ही कपात एकदम करू नकोस, दोन महिने आधी सांग. आणि अडीच हजार हा आकडा दगडावरची रेघ धरू नकोस, घरी बसून बोलल्यावर तीन हजार ठरला तर कार्डाला दोन हजार जातील, इतकंच. पण जो ठरेल तो महिन्याच्या ठरलेल्या तारखेला जावा आणि मधल्या फोनवर बदलू नये. अपवाद दोनच ठेव, दवाखाना आणि बाग. त्या दोन्हींची तरतूदसुद्धा आधी गावातच बघायची. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, आईबाबांचं कार्ड काढलेलं आहे का ते विचार. बागेला हवामान आधारित फळपीक विमा काढला होता का? केळीला त्यात वेगाच्या वाऱ्याचं संरक्षण असतं. आपल्याकडे मे-जूनच्या वादळात तापीकाठची बाग झोपते हे दर दोन-तीन वर्षांनी पाहतो आपण. तो हप्ता भरायला पैसे लागले तर आनंदाने पाठव, बाग आडवी झाल्यावर पाठवशील त्याच्यापेक्षा ते किती तरी कमी असतील.

तिथे तुला कायद्याने मिळणाऱ्या दोन गोष्टी तुझ्या नावावर धर. एक ग्रॅच्युइटी: वर्ष पूर्ण झाल्यानंतर पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचा बेसिक पगार, पुढे ३० दिवसांचा. तुझा बेसिक ४,०००, म्हणजे वर्षाला २,८०० दिरहॅम. हिशोब बेसिकवर होतो, हातातल्या साडेआठ हजारांवर नाही. नोकरी बदलताना नुसता एकूण पगार बघू नकोस, बेसिक किती ते विचार. दुसरी गोष्ट बेकारी विमा. तो आता सक्तीचा आहे, बेसिक १६,००० पर्यंत असेल तर महिन्याला ५ दिरहॅम हप्ता. सलग बारा महिने भरलेला असेल आणि नोकरी तुझ्या चुकीशिवाय गेली, तर बेसिकच्या साठ टक्के रक्कम जास्तीत जास्त तीन महिने मिळते. तुझ्या बाबतीत महिन्याला २,४००. रूम आणि जेवण त्यात भागतं. तुझी पॉलिसी चालू आहे की मध्ये खंड पडलाय, ते या आठवड्यातच तपास.

खात्याचं बोलू. नोकरीसाठी देश सोडलास त्या दिवसापासून परकीय चलनाच्या कायद्याने, फेमाने, तू अनिवासी झालास. गावाकडचं साधं सेव्हिंग खातं तसंच चालू ठेवता येत नाही. ते एनआरओ करून घ्यायचं आणि शिवाय एक एनआरई खातं नव्याने उघडायचं. फरक सोपा आहे. भारतात जे काही मिळतं, भाडं, जुन्या ठेवीचं व्याज, ते एनआरओमध्ये. दुबईहून येणारी कमाई एनआरईमध्ये. एनआरईवरचं व्याज तू अनिवासी आहेस तोवर भारतात करमुक्त आहे, आणि ते पैसे कधीही परत बाहेर नेता येतात. एनआरओच्या व्याजावर बँक तीस टक्के कर, वर उपकर, आधीच कापून घेते. एनआरईमध्ये गावातली रोकड भरता येत नाही, फक्त बाहेरून आलेला पैसा. दुबईत बसूनही ही खाती उघडता येतात: पासपोर्ट, व्हिसा, एमिरेट्स आयडी आणि पत्त्याचा पुरावा लागतो. चोपड्यात किंवा जळगावात राष्ट्रीयीकृत बँकेची शाखा बघ. पैसे आधी तुझ्या एनआरईमध्ये येऊ देत आणि तिथून घरचा ठरलेला आकडा बाबांच्या खात्यात आपोआप जाऊ दे. एवढ्या एका बदलाने उरलेला पैसा तुझ्या नावावर राहायला लागतो. बायकोला त्या खात्यात दुसरी खातेदार म्हणून घेता येतं, निवासी नातेवाइकाला तशी परवानगी आहे, ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ या पद्धतीने, म्हणजे तू आहेस तोवर खातं तू चालवायचं, तुझ्यानंतर तिने. तुझ्या मागे तिला कुणाच्या पाया पडावं लागणार नाही.

ठेव ठेवताना गावातला कुणी सांगेल की पतसंस्थेत दोन टक्के जास्त मिळतात. जळगाव जिल्ह्याने पतसंस्थांचे ठेवीदार स्वतःच्याच पैशांसाठी वर्षानुवर्षं खेटे घालताना पाहिलेत. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेला ते नसतं. आणखी समजवायची गरज नाही.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, पण सांगणं भाग आहे. तू २०२३ च्या दिवाळीनंतर गेलास. म्हणजे त्या आर्थिक वर्षात, २०२३-२४ मध्ये, एप्रिलपासून दिवाळीपर्यंत तू भारतातच होतास आणि ते दिवस १८२ पेक्षा जास्त भरतात. आयकराच्या हिशोबाने त्या वर्षी तू निवासीच ठरतोस. म्हणून त्या वर्षीचा मार्चपर्यंतचा दुबईचा पगारसुद्धा, जळगावच्या पगारासोबत, भारतात दाखवायला हवा होता. अमिरातीत पगारावर कर नाही, त्यामुळे पुष्कळ पोरांना वाटतं की इथेही काही भरायचं नाही. पुढच्या वर्षांना ते बरोबर आहे, पहिल्या वर्षाला तुझ्या बाबतीत नाही. घाबरू नकोस. अद्ययावत विवरणपत्र भरायची सोय आहे, फक्त जितका उशीर तितका जादा कर. पासपोर्ट, दोन्हीकडच्या पगाराच्या स्लिपा आणि विमानाची तिकिटं घेऊन जळगावच्या एखाद्या सीएला भेट. कदाचित फारसं देणं निघणारही नाही, पण कागद नीट असलेला बरा. आणि इथून पुढे दर वर्षी भारतात किती दिवस राहिलास त्याची नोंद ठेव.

हुंडीचं नाव काढू नकोस. ते बेकायदेशीर आहे, पण मी कायद्याच्या धाकानेच सांगतो असं समजू नकोस. हुंडीत तू दुबईत दिलेले दिरहॅम भारतात येतच नाहीत. गावी तुझ्या वडिलांच्या खात्यात कुणी तिसराच माणूस रुपये टाकतो. तो कोण, त्याचा पैसा कुठला, हे तुला कळत नाही. त्या साखळीत कुठे ऑनलाइन फसवणुकीचा पैसा असला, तर पोलिसांच्या पत्रावरून बँक ते खातं गोठवते. बाबांचं खातं गोठलं की कापसाचे पैसे, पीककर्ज, विम्याची भरपाई, सगळंच अडकलं. ऐन पेरणीत बी-खताला पैसे नाहीत आणि बाबा पोलीस ठाण्याच्या चकरा मारताहेत, हे मला तुमच्या घरी नको आहे. बँक किंवा परवानाधारक एक्स्चेंज हाउस, दोनच रस्ते. त्यातही शुल्क बघून भुलू नकोस. शुल्क शून्य लिहितात आणि भावात काढून घेतात. अमुक दिरहॅम दिले तर हातात नेमके किती रुपये पडतील, हा एकच प्रश्न विचार आणि दोन-तीन ठिकाणी विचार. भाव वर जाईल म्हणून महिने महिने थांबण्यातही अर्थ नाही. दिरहॅम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ ला बांधलेला आहे. रुपया डॉलरपुढे किती हलेल हे तुझ्या-माझ्या हातात नाही.

जमिनीवर मात्र नीट थांबू, कारण तुमच्या घरात सध्या त्याचीच चर्चा असणार. बांधाला लागलेली जमीन रोज विकायला येत नाही. बाबांचा जीव तिच्यात का अडकला ते सांगायला नको. पण ती तुझ्या नावावर घेता येणार नाही. अनिवासी माणसाला भारतात शेतजमीन विकत घ्यायला फेमाने मनाई आहे, तू शेतकऱ्याचा मुलगा आणि भारताचा नागरिक असलास तरी. घर घेता येतं, फ्लॅट घेता येतो, एनए, म्हणजे बिगरशेती, झालेला प्लॉट घेता येतो. शेतजमीन, मळा, फार्महाउस नाही. बक्षीसपत्रानेसुद्धा शेतजमीन तुझ्याकडे येऊ शकत नाही. वारसाने मात्र येऊ शकते, आणि जाण्याआधी जी तुझ्या नावावर होती ती राहू शकते. खरेदीच्या दिवशी चोपड्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात कदाचित कुणी विचारणारही नाही. पण दस्त झाला म्हणजे व्यवहार कायदेशीर झाला असं होत नाही. दहा वर्षांनी विकायला किंवा कर्ज काढायला जाशील, तेव्हा ते उघडं पडेल. याच कारणाने ‘आज शेती आहे, उद्या एनए होईल’ म्हणून दाखवले जाणारे प्लॉटही तुझ्यासाठी वर्ज्य आहेत. सातबाऱ्यावर जोवर शेती आहे, तोवर ती शेतीच.

मग रस्ता काय? बाबा स्वतःच्या नावावर घेऊ शकतात. त्यासाठी तू त्यांना पैसे देऊ शकतोस. मुलाने वडिलांना दिलेल्या पैशावर कर लागत नाही, रक्कम कितीही असो, फक्त ती बँकेतून जावी आणि दोघांच्या सहीचा साधा कागद करून ठेवावा. पण इथे मन घट्ट करून एक गोष्ट समजून घे. दिले म्हणजे दिले. जमीन बाबांची झाली. ‘नाव बाबांचं, खरी माझी’ असा आतला समज ठेवलास, तर बेनामी व्यवहाराचा प्रश्न उभा राहतो, आणि घरातलं भांडणही तिथूनच सुरू होतं. बाबांनी स्वतः घेतलेली जमीन त्यांच्यानंतर, मृत्युपत्र नसेल तर, आई, तू, तुझी भावंडं, लग्न झालेल्या बहिणींसकट, सगळ्यांना सारखी जाते. बहिणींचा तो हक्क आहे आणि तो योग्यच आहे. तुझ्या पैशाचा विचार व्हावा असं बाबांना वाटत असेल, तर त्यांनी हयातीत मृत्युपत्र करावं. त्याला मुद्रांक शुल्क लागत नाही. नोंदणी सक्तीची नसली तरी करून घेतलेली चांगली. मृत्युपत्राने मिळालेली शेतजमीन तू परदेशात असतानाही घेऊ शकतोस. सगळ्यांसमोर बोलून हे झालं तर नंतर कोर्टाची पायरी चढावी लागत नाही.

आणि पैसे कुठून आणायचे? पर्सनल लोनमधून नाही, हे मी ठामपणे सांगतो. तिथल्या नियमाने पगाराच्या वीस पटीपर्यंत कर्ज मिळू शकतं, फेड जास्तीत जास्त ४८ महिन्यांत. तुझ्या पगारावर १ लाख ७० हजार दिरहॅम. हप्ता चार हजारांच्या वर जाईल, म्हणजे घरी पाठवायला आणि जगायला मिळून साडेचार हजारही उरणार नाहीत, आणि पुढची चार वर्षं तू ती नोकरी सोडू शकणार नाहीस. मुकादम कितीही त्रास देवो, सहन करायचं. नोकरीच गेली तर? पूर्वी काही पोरं कर्ज तसंच टाकून गावी यायची आणि सुटलो म्हणायची. आता जानेवारी २०२० पासून अमिरातीच्या दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा भारतातल्या न्यायालयात अंमलात आणता येतो. दुबईचं कर्ज चोपड्यापर्यंत येऊ शकतं. माझं मत विचारशील तर या वर्षी जमीन घेऊ नका. मालक थांबायला तयार असेल तर दोन वर्षांनी बघा. थांबत नसेल तर एक एकर बाबांच्या ऐपतीने घेता येते का, ते पाहा. ती हातची गेली तर वाईट वाटेल, पण दुसरी मिळेल.

बायकोचा प्रश्न तू शेवटी लिहिलास, मी तो खूप वरचा मानतो. पत्नीला नेण्यासाठी पगार किमान ४,००० दिरहॅम लागतो, किंवा ३,००० आणि कंपनीचं घर. त्यात तू बसतोस. पण ही अट व्हिसाची झाली, संसाराची नाही. रूममधला वाटा सोडून वेगळी जागा घ्यायची तर भाडं वर्षाचं ठरतं आणि पुढच्या तारखांचे चेक आधी द्यावे लागतात, वर अनामत आणि दलाली. तिचा आरोग्य विमाही तूच काढायचा. कार्डाचं देणं अंगावर असताना हे केलंस तर पहिला चेक वटायच्या आत पुन्हा कार्ड बाहेर निघेल. कार्ड संपल्यावर आणि तो राखीव पैसा जमल्यावर, साधारण वर्षभराने, तिला तीन महिन्यांसाठी नेऊन बघ, मग ठरवा. तिला हा सगळा हिशोब आजच सांग. कधी नेणार, याला तिला तारीख हवी आहे. आकडे समजले तर तारीख ती स्वतःच काढेल, आणि पैसे साठवायला तुला घरात एक माणूस मिळेल.

बाबांना सांगायचं मात्र फोनवर नको. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुट्टी मिळते का बघ. बहिणी माहेरी आलेल्या असतात, सगळे एका जागी भेटतात. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, साल आपल्याकडे आखाजीलाच ठरतं, वर्षाचा आकडा त्या दिवशी पक्का करायची रीत बाबांना नवी नाही. सोबत कार्डाचं शेवटचं स्टेटमेंट छापून ने आणि वर लिहिलेला महिन्याचा हिशोब एका कागदावर मांडून ने. कार्डावरची रक्कम आधी सांग, जमिनीचं नंतर. क्रम उलटा झाला तर कार्डाचं सांगायचं राहून जाईल. बाबा थोडा वेळ गप्प बसतील. पोराने आपल्यासाठी कर्ज केलं आणि एकट्याने सोसलं, हे कुठल्याही बापाला लागतं. त्यांना वेळ दे, समजूत काढायची घाई करू नकोस. त्या दिवशी घरचा आकडा, दोन अपवाद आणि मृत्युपत्राचा विषय, एवढंच झालं तरी पुष्कळ.

सोन्याचं तू विचारलं नाहीस, पण आखाजीला येणार म्हटल्यावर घरून फर्माईश होणारच. वर्षाहून जास्त बाहेर राहून येणाऱ्या पुरुषाला २० ग्रॅम आणि बाईला ४० ग्रॅमपर्यंत दागिने जकातीशिवाय आणता येतात, बिस्किटं आणि नाणी त्यात धरत नाहीत. कार्ड फिटेपर्यंत एक ग्रॅमही आणू नकोस. जळगावचा सराफ बाजार कुठे पळून जात नाही.

तोवर लहान भावाला एक काम सांग. शेजारच्या त्या दोन एकरांचा सातबारा, फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी) आणि आठ-अ (खातेउतारा) काढून मला पाठवायला सांग. ‘इतर हक्क’मध्ये बोजा कुणाचा आहे, वारसनोंद पूर्ण आहे का, विकणाऱ्याच्या बहिणींची नावं त्यात आहेत का, हे बघून मी तुला लिहितो. माझं उत्तर येईपर्यंत बाबांनी इसार म्हणून एक रुपयाही देऊ नये, हे त्यांना आजच्या फोनवर सांगून टाक.